हरिण सर्वांचे, शिंगे विक्रीस

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात हरिणांच्या शिकारीचा हंगाम हिवाळ्याबरोबर संपतो आणि पुढचा हंगाम येण्यास सात-आठ महिन्यांचा अवकाश असतो. नेमक्या या रिकाम्या काळात तेथे हरिण-शिकारीची प्रदर्शने भरतात. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन, ओहायोमधील कोलंबस, मिशिगनमधील लॅन्सिंग, आयोवामधील डी मॉइन ही शहरे अशा मेळ्यांसाठी त्या भागात वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहेत. दोन-तीन दिवसांचा मेळा, प्रवेशाला तिकीट, आणि बायकामुलांसह लोटणारी गर्दी. ही गर्दी धनिकांची नसते. कारखान्यातला फिटर, मालमोटारीचा चालक, दुधाचा धंदा करणारा शेतकरी, सुतार, शाळामास्तर अशा माणसांची ती असते. आणि म्हणूनच श्रीमंतांचा एक रक्तरंजित शौक म्हणून या मेळ्याकडे पाहून नाक मुरडले, की त्याचा अर्थ हाती लागत नाही.

आत शिरल्यावर प्रथम दिसते ती मस्तकांची भिंत. त्या राज्यात मारल्या गेलेल्या मोठमोठ्या नरांची पेंढा भरलेली मस्तके तेथे ओळीने टांगलेली असतात आणि प्रत्येकाखाली मारणाऱ्याचे नाव व शिंगांचे गुण लिहिलेले असतात. शेजारीच प्रमाणित मापनकार पोलादी फीत घेऊन बसलेले असतात. कोणी आपल्या घरची शिंगे गोणपाटात गुंडाळून आणतो आणि ती एक अष्टमांश इंचापर्यंत मोजून घेतो. पुढे दुकानांच्या रांगा. कप्प्या लावलेली धनुष्ये, बंदुका, दुर्बिणी, पानाफांद्यांची छापाई असलेले कपडे, शिडीची मचाणे, आणि मचाण म्हणावे की खोली असा प्रश्न पडावा अशी खिडक्या-खुर्च्यांनी सजलेली लाकडी घरकुले, झाडाला बांधून ठेवायचे आणि हरिण समोरून गेले की मालकाच्या फोनवर छायाचित्र पाठविणारे कॅमेरे, हरिणांनी खावे म्हणून पेरायच्या क्लोव्हरचे बियाणे, क्षारांच्या विटा, आणि लहानशा बाटल्यांत भरलेले, माजावर आलेल्या हरिणीचे मूत्र. मुलांसाठी फेसाळ रबराच्या हरिणांवर बाण सोडण्याची सोय असते. टर्की पक्ष्याचा आवाज काढण्याच्या स्पर्धा असतात. मांसाच्या सुक्या कापट्यांची चव फुकट मिळते.

आणि व्याख्याने. दिवसभर एकामागून एक व्याख्याने चाललेली असतात व त्यांना खुर्च्या अपुऱ्या पडतात. वाऱ्याच्या दिशेचा अंदाज कसा घ्यावा, माजाच्या काळात नर कोणत्या वाटेने फिरतो, चाळीस एकरांत मोठा नर कसा टिकवून धरावा, मचाणावरून पडू नये म्हणून पट्टा कसा बांधावा, मारलेले जनावर कसे सोलावे आणि त्याचे तुकडे कसे पाडावेत. वक्ते बहुधा दूरचित्रवाणीवरील शिकारी असतात आणि त्यांच्या अंगावरील सदऱ्यावर त्यांना पैसे देणाऱ्या कंपन्यांची नावे भरलेली असतात. तरीही त्यांच्या बोलण्यात निरीक्षणाचा भाग मोठा असतो, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. हरिण काय खाते, कोठे निजते, कोणत्या वासाने बुजते याचे जे ज्ञान या सभागृहात जमलेल्या कामगारांपाशी असते, ते पुष्कळ विद्यापीठांना हेवा वाटावा असे आहे.

तथापि या व्याख्यानांच्या यादीत एक विषय सहसा आढळत नाही. ज्या हरिणांवर हा सारा मेळा उभा आहे ती हरिणे आली कोठून आणि ती आहेत कोणाची, हा तो विषय.

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये हरिण राजाचे आणि उमरावांचे होते. १७२३ साली तेथील पार्लमेंटने ‘ब्लॅक अॅक्ट’ या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. तोंडाला काळे फासून, शस्त्र घेऊन राजाच्या रानात हरिण मारणाऱ्यास त्याने फाशीची शिक्षा ठरविली. हा कायदा जवळजवळ शंभर वर्षे टिकला. इतिहासकार ई. पी. टॉम्प्सन यांनी १९७५ साली ‘व्हिग्ज अँड हंटर्स’ या ग्रंथात त्याची चिकित्सा केली आणि हरिणचोरीच्या खटल्यांमागे सरपण, चराई व पीट यांवरील गावकऱ्यांच्या परंपरागत हक्कांचा झगडा कसा दडलेला होता ते दाखविले. अशा देशातून अटलांटिक ओलांडून गेलेल्या गरीब माणसाला नव्या भूमीत हरिण मारण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्याला ती स्वातंत्र्याचीच खूण वाटली असल्यास नवल नाही. वन्य प्राणी जमीनमालकाचा नसून साऱ्या जनतेचा आहे आणि सरकार त्याचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व अमेरिकेत पुढे कायद्यात रूढ झाले. त्या देशाच्या कायद्यात सामाईक मालकीची जी थोडी तत्त्वे शिल्लक आहेत, त्यांपैकी हे एक.

अर्थात प्रारंभी या मुभेचा लाभ बाजारानेच अधिक उठविला. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने मांस व कातडी शहरांकडे वाहून नेली, व्यावसायिक शिकाऱ्यांनी रानेच्या राने रिकामी केली, आणि १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीचे हरिण संपूर्ण देशात पाच लाखांच्याही खाली आले. ते वाचले ते सार्वजनिक कृतीने. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतील व्यापार बंद केला. राज्यांनी मांसविक्रीला मनाई केली, हंगाम ठरविले, परवाने आणले, रक्षक नेमले. १९३७ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सहीने पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला आणि लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवरील ११ टक्के कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनासाठी राज्यांना मिळू लागले. जेथे हरिण उरले नव्हते तेथे ते दुसरीकडून पकडून आणून सोडण्यात आले. आज त्या देशात पांढऱ्या शेपटीची सुमारे तीन कोटी हरिणे आहेत. एवढे मोठे पुनर्वसन कोणत्याही कंपनीने केले नाही. ते करातून, परवान्याच्या शुल्कातून आणि सरकारी नोकरांच्या श्रमातून झाले.

प्रदर्शनातील भिंतीवर मात्र या इतिहासाची खूण नाही. तेथे आहेत फक्त शिंगे. शिंगे मोजण्याची आज रूढ असलेली पद्धत ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ने १९५० साली ठरविली. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ साली स्थापन झालेल्या या मंडळाचा हेतू सर्वस्वी दांभिक नव्हता. प्रौढ, भरगच्च शिंगांचा नर आढळणे हे त्या रानाच्या आरोग्याचे लक्षण, असा त्यामागे विचार होता आणि कुंपणात कोंडून मारलेल्या जनावराला त्या नोंदवहीत आजही स्थान नाही. परंतु मोजमाप एकदा बाजारात उतरले, की ते मूळ हेतूला बांधील राहत नाही. १७० गुणांचा नर म्हणजे नोंदवहीतील कायमची जागा, हे ठरल्यानंतर १७० गुणांच्या नराची शक्यता असलेल्या जमिनीलाही भाव आला. जेथे शेजाऱ्याला विचारून रानात जाता येत असे, तेथे आता जमीन शिकारीसाठी हंगामापुरती खंडाने दिली जाते. हरिण जनतेचे, पण त्याच्यापर्यंत जाण्याची वाट मालकाची. फिटरने परवाना काढला तरी उभे कोठे राहावयाचे, हा त्याचा प्रश्न दर वर्षी अधिक बिकट होत जातो. ‘चाळीस एकरांत मोठा नर’ या व्याख्यानाला बसलेल्यांपैकी कितीजणांपाशी चाळीस एकर असतात, हे विचारण्याची सभागृहात पद्धत नाही.

शिंगांना भाव आला तशी शिंगांची शेतीही सुरू झाली. उंच कुंपणांच्या आत हरिणे पाळावयाची, निवडक नरांचे वीर्य विकावयाचे, आणि पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला आत सोडावयाचे, असा हा धंदा आहे. टेक्ससमध्ये तो फोफावला. त्याच राज्यात १९३० च्या दशकाच्या आसपास भारतीय चितळ, काळवीट आणि नीलगायही नेऊन सोडण्यात आल्या आणि आज खासगी कुरणांवर त्यांची शिकार दर ठरवून विकली जाते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. संस्थानिकांनी मारलेल्या काळविटांची मस्तके येथील वाड्यांच्या भिंतींवर अजून मानाने टांगलेली दिसतात. पोटासाठी फास लावणारा पारधी मात्र १८७१ च्या कायद्यान्वये जन्मजात गुन्हेगार ठरविला गेला आणि १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेल्यानंतरही पोलीस ठाण्याच्या नजरेतून पुसला गेला नाही. इंग्लंडमधील उमरावांच्या न्यायाचे हे भारतीय रूप ध्यानात ठेवले, म्हणजे अमेरिकेतील कामगाराचा शिकारीचा हक्क ही काय मोलाची वस्तू आहे आणि ती गमावणे म्हणजे काय, हे अधिक स्पष्ट दिसते.

ती गमावली जाण्याचा धोका एका रोगाच्या रूपाने पुढे आला आहे. १९६७ साली कोलोरॅडोतील एका संशोधनकेंद्रात पाळलेली हरिणे खंगून मरताना आढळली. चुकीच्या रीतीने दुमडलेल्या प्रथिनामुळे मेंदूची चाळण करणारा हा रोग आहे, हे पुढे सिद्ध झाले. त्याला औषध नाही, लस नाही. लागण झालेले जनावर वाचत नाही. लाळ, मूत्र व विष्ठा यांतून तो पसरतो आणि त्याचे बीज मातीत वर्षानुवर्षे टिकते. २००२ च्या फेब्रुवारीत तो विस्कॉन्सिनमध्ये सापडला, तोही राजधानी मॅडिसनच्या पश्चिमेला, मोटारीने तासाभराच्या आतल्या अंतरावर. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस त्याचे हे पहिलेच दर्शन होते. आज तो तीसहून अधिक राज्यांत आहे. माणसाला त्याची बाधा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि रोगट जनावराचे मांस खाऊ नये, असा सरकारी आरोग्यखात्याचा सल्ला आहे.

मूत्राच्या त्या बाटल्यांकडे आता पुन्हा पाहावे. ते मूत्र पाळीव हरिणांचे असते. म्हणजे रोगाचे बीज ज्यातून पसरते तेच द्रव्य राज्याराज्यांतून पाठविले जाते आणि रानात शिंपडले जाते. म्हणून काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. खाद्याचे ढीग घालून हरिणे एका जागी गोळा करणे ही रोग पसरविण्याची दुसरी वाट. विस्कॉन्सिनने बाधित जिल्ह्यांत तीही बंद केली. विक्रेत्यांची फळी त्यामुळे हादरली नाही. एका राज्यात बंद तर दुसऱ्यात चालू, नैसर्गिक नको तर कृत्रिम. पाळीव कळपांच्या मालकांनी तर चाचण्या व हालचालींवरील निर्बंधांविरुद्ध कोर्टाची पायरी चढण्यासही मागेपुढे पाहिले नाही. २०१५ साली टेक्ससमध्ये पैदाशीच्या एका कळपातच रोग आढळला, तरीही.

रोग आटोक्यात ठेवण्याचा जो एक खडतर उपाय उपलब्ध होता, त्याचे काय झाले ही कथा उद्बोधक आहे. कळपाची संख्या कमी करावयाची तर माद्या मारल्या पाहिजेत. नर मारून संख्या घटत नाही, हे कोणताही गुराखी सांगेल. विस्कॉन्सिनने १९९६ पासून काही भागांत असा नियम केला होता, की प्रथम बिनशिंगाचे जनावर मारावे आणि मग नर मारण्याचा हक्क मिळवावा. नियम परिणामकारक होता आणि म्हणूनच अप्रिय होता. भिंतीवर टांगण्यासाठी नर हवा असलेल्यांचा त्यावर राग होता. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या कारकिर्दीत २०११ साली कायदा करून तो रद्द करण्यात आला. त्याच वर्षी राज्याच्या हरिणांचे ‘विश्वस्त’ म्हणून टेक्ससमधील खासगी हरिण-व्यवस्थापनाचे पुरस्कर्ते डॉ. जेम्स क्रॉल यांची नेमणूक झाली. सार्वजनिक शिकार-व्यवस्थापन हा साम्यवादाचा अखेरचा बुरूज आहे, अशा अर्थाचे त्यांचे जुने विधान तेव्हा वृत्तपत्रांनी उकरून काढले. विधान टीकेच्या हेतूने केलेले असले तरी वर्णन म्हणून ते फारसे चुकलेले नाही. पैदास कोणाची, मालकी कोणाची आणि विनियोग कसा, हे तिन्ही प्रश्न जेथे बाजाराबाहेर सोडविले गेले अशी ही व्यवस्था होती; तिचा विश्वस्त म्हणून ती नको असणारा मनुष्य निवडण्यात आला.

लोकानुनयापुढे शास्त्राने माघार घेण्याचा हा विस्कॉन्सिनमधील पहिला प्रसंग नव्हे. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’चे लेखक आल्डो लिओपोल्ड मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव-व्यवस्थापनाचे अध्यापक होते. लांडगे संपले, हरिणे वाढली, रोपटी फस्त झाली आणि हिवाळ्यात हरिणे भुकेने मरू लागली, तेव्हा माद्या मारण्यास परवानगी द्यावी असा आग्रह त्यांनी राज्याच्या आयोगात धरला. १९४३ साली ती दिली गेली आणि शिकाऱ्यांनी त्या हंगामाला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असे नाव ठेवले. लिओपोल्ड १९४८ साली वारले. अखेरपर्यंत त्यांना या शिव्या पुरल्या. फरक इतकाच, की त्या काळी विरोध करणाऱ्याला हरिणाविषयी, चुकीची का होईना, माया होती. आजच्या विरोधामागे मालाची एक संपूर्ण बाजारपेठ उभी आहे.

मालाचा प्रश्न निघाला म्हणजे बंदुकीचा उल्लेख टाळता येत नाही. पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे अशा प्रदर्शनांपैकी अतिशय मोठे प्रदर्शन भरते. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूक येथील प्राथमिक शाळेत वीस बालके व सहा प्रौढ गोळ्यांना बळी पडल्यानंतर त्या प्रदर्शनाच्या तत्कालीन आयोजक कंपनीने लष्करी धाटणीच्या रायफली मांडण्यास मनाई केली. विक्रेत्यांनी बहिष्कार पुकारला आणि २०१३ चे प्रदर्शन भरलेच नाही. २०१४ पासून त्याची सूत्रे बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेकडे गेली. हरिण मारण्यास त्या रायफलीची गरज नाही, हे तेथे येणारा प्रत्येक वृद्ध शिकारी जाणतो. परंतु शिकारी कमी होत चालले आहेत; १९८० च्या सुमारास ते १ कोटी ७० लाखांच्या घरात होते, २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १ कोटी १५ लाख भरले. बंदुकांचा खप मात्र वाढला आहे. परिणामी १९३७ च्या त्या कराचा मोठा हिस्सा आज शिकारीशी संबंध नसलेल्या शस्त्रांच्या खरेदीतून येतो. हरिणांच्या रानाचा खर्च माणसांच्या भीतीवर चालावा, अशी ही विचित्र गाठ पडली आहे आणि ती सोडविण्याची निकड कोणत्याच पक्षाला वाटत नाही.

या सामाईक मालकीत सर्वांत जुना वाटा कोणाचा, यावर शिकारी समाजाची भूमिकाही तपासून पाहण्याजोगी आहे. ओजिब्वे आदिवासींनी १८३७ व १८४२ च्या तहांनी उत्तर विस्कॉन्सिनची भूमी दिली, परंतु तेथे शिकार, मासेमारी व वनोपज गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. राज्याने तो शतकभर धुडकावला. १९८३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला. तेव्हा ‘आता हरिणे उरणार नाहीत, मासे उरणार नाहीत’ अशी हाकाटी झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस तलावांच्या काठी भाल्याने मासे मारणाऱ्या ओजिब्वे कुटुंबांवर दगड व वांशिक शिव्या यांचा वर्षाव झाला. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याची हरिणे वर्षाला काही हजारांच्या पुढे गेली नाहीत. उरलेल्या राज्यात तीन लाखांच्या आसपास मारली जातात. उमरावाच्या कुंपणातून सुटून आलेल्याने दुसऱ्याच्या हक्काभोवती कुंपण घालावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

असे असले तरी प्रदर्शनाचा एक कोपरा या साऱ्याहून वेगळा असतो. जनावर सोलण्याचे व मांस राखण्याचे प्रात्यक्षिक तेथे चालते. जमलेली माणसे वह्या काढून बसतात. बायका प्रश्न विचारतात. महागाईच्या दिवसांत एका हरिणाने घराच्या हिवाळ्याची सोय होते, आणि जादा मांस गरिबांच्या अन्नछत्रांना देण्याची प्रथाही अनेक राज्यांत रुजली आहे. त्या प्रथेलाही २००८ साली ग्रहण लागले. नॉर्थ डकोटात दान केलेल्या मांसाची तपासणी झाली आणि त्यात गोळ्यांच्या शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण सापडले. राज्याच्या आरोग्यखात्याने अन्नछत्रांना ते मांस टाकून देण्यास सांगितले. तांब्याच्या गोळ्यांनी हा दोष टळतो. त्या थोड्या महाग असतात, आणि शिशावरील बंदीला काडतुसांच्या उद्योगाचा विरोध आहे. आज सोलण्याच्या प्रात्यक्षिकात जखमेभोवतालचे मांस किती रुंद कापून टाकावे हे शिकविले जाते. म्हणजे उपाय सुरीवर सोपविला गेला आहे.

मॅडिसनचे प्रदर्शन एप्रिलच्या प्रारंभी भरत असे. त्याच महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. राज्याच्या बहात्तरही जिल्ह्यांत एकाच संध्याकाळी सभा बोलावण्याची आणि शिकार व मासेमारीच्या नियमांवरील प्रश्न नागरिकांपुढे मतासाठी ठेवण्याची तेथे परंपरा आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या ‘काँझर्व्हेशन काँग्रेस’चे हे काम. हंगाम किती दिवसांचा असावा, माद्या किती माराव्यात, खाद्य घालावे की नाही, यावर दूधवाला आणि फिटर हात वर करून मत देत आले. अलीकडच्या वर्षांत हे मतदान संगणकावरूनही होते. या मतांना केवळ शिफारशीचे मोल आहे, निर्णय वरच्या मंडळाचा व विधिमंडळाचा असतो, आणि २०११ साली विधिमंडळाने काय केले ते वर आलेच आहे. या सभांना तिकीट नसते. मस्तकांची भिंतही नसते. प्रदर्शनातील गर्दीचा अल्पसा अंशच त्यांकडे वळतो.

मधल्या काळात हंगाम येतो. मॅडिसनच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, जेथे काही ठिकाणी चाचणी झालेल्या प्रौढ नरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रोगट निघतात, रस्त्याच्या कडेला राज्याच्या खात्याने पेट्या ठेवलेल्या आहेत. शिकारी हरिणाचे मस्तक तेथे ठेवतो, चिठ्ठीवर तपशील लिहितो आणि घरी जाऊन मांस थंड पेटीत भरतो. चाचणी विनामूल्य असते. सरकारी प्रयोगशाळेतून उत्तर येईपर्यंत त्या घरात ते मांस कोणी शिजवीत नाही.